बेटावर कधी जायचं? सहलीच्या तारखेतून शिकवलेला भूगोलाचा पाठ



सप्टेंबर सरत आला की शाळेत सहलीचा विषय निघतोच. यंदा वर्गात विचारलं, "कुठं जाऊया?" सगळी पोरं एका आवाजात, "सिंधुदुर्ग किल्ला!" कारण सरळ आहे. पन्हाळा आपल्या घरचा, रायगड लांब, आणि होडीत बसायची हौस तर प्रत्येकाला. मग मी दुसरा प्रश्न टाकला, "बरं, कधी जायचं?" इथं मात्र वर्गाचे तीन तट पडले.

"सर, मे महिन्यात. सुट्टी असतीय."
"न्हाई सर, दिवाळीत. फराळ पण घेऊन जाता येतंय."
"सर, पावसात जाऊया की. सगळं हिरवंगार असतंय."

तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि ठरवलं, की तारीख आपण सांगायची नाही, मुलांनीच शोधायची. दोन तासिका गेल्या, पण हवामानाचा अख्खा धडा त्यात बसला. तो पाठ जसा झाला तसा इथं मांडतोय.

१. आधी बेट ओळखूया

मालवणच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर कुरटे नावाचं खडकाळ बेट आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी तिथं किल्ल्याची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये काम पुरं झालं. चारी बाजूंनी खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिरही आत आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात आपल्या पन्हाळ्यासोबत सिंधुदुर्गही आहे.

आता नकाशा उघडा. मालवण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर येतं. कर्कवृत्त साडेतेवीस अंशावर. म्हणजे हे बेट उष्ण कटिबंधात आहे. हा मुद्दा मुलांच्या वहीत ठळक लिहून घ्या, पुढचा सगळा पाठ त्यावर उभा आहे.

२. थंडी-ऊन बघून चालत नाही

'चांगला ऋतू' म्हटलं की आपण थंडी किती, ऊन किती ते बघतो. महाबळेश्वरला जाताना ते बरोबर आहे. पण उष्ण कटिबंधातल्या बेटावर तापमान वर्षभर फारसं हलत नाही. समुद्राचं पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून किनाऱ्यावर ना आपल्यासारखी बोचरी थंडी, ना विदर्भासारखं भाजणारं ऊन. मालवणात डिसेंबरची दुपार आणि मेची दुपार यांत पाऱ्याचा फरक थोडाच. मेमध्ये जीव नकोसा होतो तो दमटपणानं. घाम येतो, पण वाळत नाही.

मग ऋतू ठरवतो कोण? वारा!

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, म्हणजे थेट समुद्रावरून, जोराचा वारा येतो. पाऊस आणतो आणि दर्याही खवळवतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. किल्ल्याभोवती पाण्यात खडक आहेत, होडीला ठराविक वाटेनंच जावं लागतं. लाटा उसळत असताना त्या वाटेनं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत प्रवासी होड्या बंदच ठेवतात. 'पावसात जाऊया' म्हणणाऱ्याला इथं त्याचं उत्तर मिळालं. हिरवाई दिसेल, पण ती मालवणच्या धक्क्यावर उभं राहूनच.

३. महिन्यांची चाळणी

यानंतर वर्गात बारा महिन्यांच्या बारा चिठ्ठ्या वाटल्या आणि एकेक महिना चाळून घेतला.

*जून, जुलै, ऑगस्ट* : बाद. होडीच नाही.

*सप्टेंबर* : होड्या सुरू होतात, पण पाऊस गेलेला नसतो. ऐनवेळी फेरी रद्द होऊ शकते.

*ऑक्टोबर* : पाऊस माघारी फिरतो, पण समुद्राचा भरवसा नाही. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस, ऐन दिवाळीत, अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ आलं होतं. किल्ल्यापासून जवळच्या देवबागच्या किनाऱ्यालाही त्या लाटांचा तडाखा बसला.

*नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी* : जमिनीवरून कोरडा वारा, आकाश निरभ्र, सकाळचा समुद्र शांत. हाच खरा हंगाम.

*मार्च, एप्रिल* : जाता येतं, पण घामानं हाल. शिवाय परीक्षा.

*मे* : सुट्टी आहे, पण दमट उकाडा आहे आणि वादळाची भीतीही. मे २०२१ च्या मध्यावर 'तौक्ते' वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं होतं.

चाळणीत उरले साडेतीन महिने. ते कुणी सांगितले नाहीत, मुलांनी स्वतः काढले.

४. मालवणची होडी आणि आपला कारखाना

इथं एका मुलानं असा प्रश्न विचारला, की मी थांबलोच. "सर, म्हणजे कारखाना चालू असतोय तवाच होडी चालू असतीय व्हय?"

खरंच की! आपल्या बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा हंगाम पाऊस गेल्यावर लागतो. रान वाळल्याशिवाय ट्रॅक्टर उसात शिरत नाही, चाक रुततं. ऊसही कोरड्या, थंड हवेतच साखर धरतो. म्हणजे जो वारा बदलला की मालवणचा दर्या निवळतो, तोच बदलला की इकडं आपला बॉयलर पेटतो. घाटाच्या अलीकडं गाळप, पलीकडं होड्या. पोरांना हे इतकं पटलं, की 'मोसमी वारे परतणे' ही व्याख्या पुन्हा पाठ करून घ्यावी लागली नाही.

५. हीच चाळणी दुसऱ्या बेटांना

नियम एकदा समजला की जगातलं कुठलंही बेट घ्या. पण मालवणचं उत्तर तसंच उचलून दुसरीकडं लावू नका.

*अंदमान.* स्वातंत्र्यवीर सावरकरांमुळं सेल्युलर जेल बघायला मराठी माणसं आवर्जून जातात. दिवाळीच्या सुट्टीत जावं असं वाटतं. पण अंदमान बंगालच्या उपसागरात आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथं केरळच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो. तो सरला की ईशान्येचा पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची वादळं. म्हणून तिथं जानेवारी ते एप्रिल चांगले. जी दिवाळी आपल्याकडं कोरडी, ती तिथं भिजलेली.

*मॉरिशस.* दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथं मराठी कुटुंबं राहतात. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २० अंशावर आहे. म्हणून ऋतू उलटे. जानेवारी ते मार्च तिकडं उन्हाळा, पाऊस आणि वादळं. आपण पावसात भिजत असतो तेव्हा त्यांचा कोरडा हिवाळा. गणपती तिथंही बसतात, पण ते हिवाळ्याच्या शेवटाला! आणि गंमत म्हणजे मॉरिशसमध्येही ऊस आहे. त्यांचं गाळप जून ते डिसेंबर. आमच्या त्या मुलाचा नियम तिकडंही लागू पडला : गाळप चालू, म्हणजे हवा कोरडी.

६. महिना ठरला, आता दिवस आणि तास

शिक्षकांनो, हा भाग कृपया वगळू नका. चांगला महिना निवडला म्हणजे समुद्र सुरक्षित झाला असं नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता. महिना आपल्या चाळणीत पास होणारा होता.

म्हणून दोन गोष्टी वहीत लिहून घ्या.

पहिली, वेळ. दिवसा जमीन लवकर तापते, मग समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि दुपारनंतर पाणी हलू लागतं. म्हणून होडीत बसायचं ते सकाळी. त्यासाठी मालवणला मुक्काम आदल्या रात्री हवा. मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करून त्याच दिवशी दुपारी पोचायचं आणि घाईघाईनं होडी पकडायची, हे नको.

दुसरी, भरती-ओहोटी. कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. ओहोटीचं पाणी माघारी जाताना माणसाला ओढतं, म्हणून त्या वेळी पाण्यात पाऊल नाही. हा हिशोब पाऊणकीच्या सरावाला उत्तम, पण प्रत्यक्ष निघताना हवामान खात्याचा इशारा आणि स्थानिक होडीवाल्याचा शब्द, हेच अंतिम. तो 'आज नको' म्हणाला तर 'एवढ्या लांबनं आलोय' हे कारण सांगायचं नाही.

७. तारीख पालकांनाही परवडायला हवी

आता पालकांशी थोडं. समुद्राचा चांगला हंगाम तोच आपल्या घरातल्या धावपळीचा हंगाम. तोड आलेली असते, घरातली सगळी माणसं रानात असतात. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, खिसा रिकामा आणि उसाचं बिल अजून यायचं असतं.

मागं एकदा मी नोव्हेंबरच्या अखेरीची तारीख धरली. हवा सुंदर होती, समुद्र शांत होता. पण वर्गातल्या सहा पोरांनी "मला होडीची भीती वाटतीय" म्हणून नाव दिलं नाही. एकाच वर्गात एकदम सहा जणांना भीती? घरी चौकशी केल्यावर कळलं. भीती होडीची नव्हती, वर्गणीची होती. त्या वर्षी माझा भूगोल बरोबर होता, पण तारीख चुकली.

तेव्हापासून सहल जानेवारीत नेतो. नाताळ आणि एक जानेवारीची गर्दी ओसरलेली असते, बऱ्याच घरात पहिलं बिल आलेलं असतं आणि समुद्र तर शांतच. वर्गणीही ऑगस्टपासून थोडी थोडी जमा करतो. पालकहो, अडचण असेल तर शिक्षकांना मोकळेपणानं सांगा. पोराला खोटं कारण सांगायची वेळ आणू नका.

वर्गात करून घ्यायच्या कृती

१. बारा महिन्यांचा तक्ता करा. रकाने : वारा, पाऊस, होडी, शाळा, घरचं काम. पाचही रकान्यांत 'चालेल' येणारे महिने रंगवा.

२. जानेवारीतल्या पाच तिथी निवडून भरती-ओहोटीची वेळ काढा. त्यातला सहलीला सोयीचा दिवस निवडा आणि कारण लिहा.

३. मॉरिशसमधल्या मराठी मित्राला पत्र लिहा. तुम्ही त्याच्याकडं कधी यावं आणि त्यानं मालवणला कधी यावं, ते सकारण सांगा.

४. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : पाऊस परतला हे तुम्ही कशावरून ओळखता? उत्तरं वर्गात वाचा.

यंदा शेवटी तारीख मुलांनीच ठरवली : जानेवारीतला दुसरा आठवडा, अष्टमीच्या आसपास, म्हणजे उधाण नको. सुरुवातीला 'पावसात जाऊया' म्हणणारा पोरगाच नोटीस लिहायला पुढं आला. त्यानं खाली एक ओळ स्वतःच्या मनानं जोडली : "होडीवाले काका नको म्हणाले तर आपण किनाऱ्यावरूनच किल्ला बघणार आहोत."

ती ओळ मी खोडली नाही. तुमच्या शाळेत तारीख कशी ठरते, तेही जरूर कळवा.