दूरचित्रवाणीवरील मनाई कोणी करावी?

प्रश्न : रात्री जेवताना दूरचित्रवाणीवर रक्तपात दिसताच नातवाच्या डोळ्यांवर हात ठेवावा लागतो. दाद कोठे मागावी?
– एक आजोबा, परंडा (जि. धाराशिव)

उत्तर : आपली व्यथा रास्त आहे. प्रथम, प्रक्षेपणाची तारीख व वेळ नमूद करून वाहिनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा; २०२१च्या नियमांनुसार पंधरा दिवसांच्या मुदतीत त्याचा निर्णय मिळावयास हवा. १९९५च्या केबल कायद्याच्या कलम १९ अन्वये जिल्हादंडाधिकाऱ्यांसही मनाईहुकूम काढता येतो. तथापि फाळणीतील हिंसेचे दर्शन घडविणाऱ्या ‘तमस’ मालिकेवरील स्थगिती १९८८ साली उठविण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन व सुजाता मनोहर यांनी ती स्वतः पाहिली, हा विवेक आपण विसरता कामा नये, कारण क्रौर्याची चटक लावणारे दृश्य आणि क्रौर्याविषयी सावध करणारे दृश्य यांतील भेद पाहिल्यावाचून कळत नाही.