जुनी गिटार गोड का वाजते?

शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून हवेत धरा. आवाज जेमतेम तुम्हालाच ऐकू येईल. आता त्याचा दांडा टेबलावर टेकवा. तोच स्वर साऱ्या वर्गाला ऐकू जाईल. काट्याने टेबल थरथरवले आणि टेबलाच्या रुंद पृष्ठभागाने पुष्कळशी हवा हलवली, एवढेच घडले.

गिटारीत नादकाट्याच्या जागी तार असते आणि टेबलाच्या जागी वरची फळी. सतारीत जिला तबली म्हणतात तीच ही. बारीक तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिची कंपने घोडीतून फळीत उतरतात आणि फळी बोलू लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली घुमते ना? तशीच गिटारीच्या पोटातली हवाही घुमते. सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या आसपास हा अनुनाद होतो, म्हणून खालच्या स्वरांना भरदारपणा येतो.

फळी सहज थरथरायची तर ती पातळ आणि हलकी हवी. चांगल्या गिटारीत ती अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते आणि बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. पण सहा पोलादी तारा मिळून तिला सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने ओढत असतात. एक धडधाकट माणूस घोडीला रात्रंदिवस लोंबकळत आहे असे समजा! फळीच्या आतून लाकडी पट्ट्यांचा आधार दिलेला असतो तो यासाठीच. पट्ट्या जाड केल्या तर गिटार टिकते पण मुकी होते. बारीक केल्या तर गाते पण वाकते. गिटार बनवणाऱ्याचे सारे कौशल्य या ओढाताणीत आहे.

फळीचे महत्त्व किती, हे स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) या कारागिराने दाखवून दिले. १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिची वरची फळी नेहमीसारखी लाकडाची, पण बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची! ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लँकेस्टर विद्यापीठातील प्रयोगात फक्त पाठीचे व बाजूंचे लाकूड वेगवेगळे असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांकडून, त्या नीट दिसू नयेत अशी व्यवस्था करून, वाजवून घेतल्या. महागड्या लाकडाची सरशी झाली नाही.

आता जुन्या गिटारीकडे वळू. अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या गिटारींना आज फार मोठी किंमत येते. त्यांच्या आतल्या पट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत. पुढे वादक अधिक जाड तारा लावू लागले, फळ्या फुगू लागल्या, आणि १९४४ मध्ये कंपनीने पट्ट्या कोरणे थांबवले. गिटारी मजबूत झाल्या, पण जुन्या आवाजाची आठवण लोकांच्या मनातून गेली नाही. अखेर १९७६ मध्ये कंपनीने कोरलेल्या पट्ट्यांची गिटार पुन्हा बाजारात आणली. म्हणजे त्या गोडव्यात वयाइतकाच, किंबहुना अधिक, वाटा हलक्या बांधणीचा आहे.

वयाचा वाटा अगदीच नाही असे नव्हे. लाकडातील हेमिसेल्युलोज हा घटक वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होतो. असे लाकूड हवेतली ओल कमी शोषते आणि थोडे हलकेही होते. पण एक गोष्ट आपण सहसा विसरतो: वाईट वाजणाऱ्या गिटारी कोणी साठ वर्षे जपून ठेवत नाही. उरतात त्या निवडक.

तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या माळ्यावर एखादी जुनी गिटार असेल, तर तिची तपासणी करता येईल. पहिली सूचना: तारा बदलल्याशिवाय आवाजावर मत देऊ नका. घाम आणि गंज यांमुळे तारेचे वस्तुमान सगळीकडे सारखे राहत नाही आणि स्वर मंद, बेसूर होतो. फळीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. खुळखुळ ऐकू आली तर आतली पट्टी सुटली असावी. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकला तर घोडी उचकटू लागली आहे. फळीला थोडासा फुगवटा असणे मात्र दोष नव्हे.

आता सर्वांत छान चाचणी. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवा, तार छेडा आणि लगेच बोट उचला. तारेचा हा मध्यबिंदू असल्याने वरच्या सप्तकातला स्वर मिळेल. ११० कंपनांच्या तारेचा २२०. मग तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा लागला, तर बहुधा तार पडद्यापासून फार उंच गेली आहे. तिला खाली दाबताना ताण वाढतो आणि कंपनसंख्याही वाढते. वर्षानुवर्षांच्या ओढीने दांडीचा कोन बदलल्याची ही खूण.

आणि हे जरूर पाळा: नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या गिटारीला पोलादी तारा चढवू नका. नायलॉनचा ताण साधारण ४० किलोग्रॅमच असतो. जवळजवळ दुप्पट ओढीने घोडी उखडून येऊ शकते. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, विदर्भातल्या उन्हाळ्यात आकसते, म्हणून भेगा रेषांच्या बाजूने पडतात. गिटार पेटीत ठेवावी, ओल्या भिंतीला टेकवू नये.

दांडी वाकलेली गिटार टाकाऊ मात्र समजू नका. जुन्या गिटारींचे सांधे जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने जोडलेले असत. उष्णता आणि ओल यांनी हा सरस सैल होतो, म्हणून बंद मोटारीत उन्हात ठेवलेली गिटार बिघडते. पण याच गुणाचा कारागीर उपयोग करतो. सांध्यात वाफ सोडून तो दांडी अलगद काढतो, तिचा बुंधा किंचित तासतो आणि योग्य कोनात पुन्हा चिकटवतो.