मोठी फाईल पाठविताना

वर्गातील प्रयोगाचे चलचित्र ब्राउझरमधून कार्यालयाकडे पाठविताना ते शेवटास येऊन अडकते आणि सर्व पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, हा अनुभव शिक्षकबंधुभगिनींपैकी पुष्कळांस आला असेल. अशा वेळी शिक्षक स्वतःस दोष देतो. तो दोष बहुधा त्याचा नसतो.

ब्राउझरमधील अर्जासोबत फाईल पाठविण्याची रीत १९९५ साली झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल व लॅरी मॅसिंटर यांनी मांडली. तीत अर्जातील उत्तरे व फाईल ही, मध्ये खुणेच्या ओळी घालून, एकाच विनंतीत पाठविली जातात. लहान छायाचित्रास ही रीत उत्तम होय. परंतु मोठ्या फाईलीच्या वेळी मध्येच संपर्क तुटला, तर पोचलेला भागही सामान्यतः वाया जातो.

हिशेब करून पाहू. फाईल मेगाबाइटांत मोजतात, जोडणीचा वेग मेगाबिटांत. एक बाइट म्हणजे ८ बिट. ३०० मेगाबाइटांचे चलचित्र म्हणजे २,४०० मेगाबिट. पाठविण्याचा वेग सेकंदास २ मेगाबिट असल्यास १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे लागतील. (सातवीच्या मुलांस हे उदाहरण अवश्य घालावे.) खेड्यात वीस मिनिटे अखंड संपर्क मिळणे कठीण.

खळ्यावरील रास कोणी एकदम उचलीत नाही. पोती भरून नेतात, आणि वाटेत गाडी मोडली तरी घरी पोचलेली पोती कोणी परत खळ्यावर आणीत नाही. ब्राउझरासही फाईलीचे तुकडे पाडता येतात. हा तुकडा फाईलीत कोठून सुरू होतो हे सांगून तो पाठवावयाचा, पोच मिळाली की पुढचा. संपर्क तुटल्यास ‘कोठवर पोचले?’ असे सर्व्हरास विचारून तेथून पुढे चालू करावयाचे. ‘टस’ नावाची खुली पद्धती याच तत्त्वावर चालते. अर्थात ही सोय संकेतस्थळ चालविणाऱ्याने करावी लागते. ती मागणे हा शिक्षकाचा हक्क आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरी अडचण मर्यादेची. एन्जिनएक्स या सर्व्हराची मूळ मर्यादा १ मेगाबाइटच असते. चालकाने ती वाढविली नाही, तर मोठ्या फाईलीस ४१३ हा क्रमांक दाखवून नकार मिळतो. हा आकडा दिसल्यास पुनःपुन्हा प्रयत्न करणे व्यर्थ होय. फाईल लहान करावी किंवा कार्यालयास कळवावे.

टक्केवारी शंभर झाली म्हणजे काम झाले असेही नव्हे. ब्राउझराने शेवटचे बाइट हातावेगळे केले एवढाच तिचा अर्थ. सर्व्हराची पोच पडद्यावर उमटेपर्यंत पान मिटू नये, मोबाईलचा पडदा विझू देऊ नये आणि मूळ चलचित्र तर मुळीच पुसू नये.