पगार विचारलास, वाट विचारलीस का?

अगं, बीकेसीतल्या नोकरीचे पेढे वाटून झाले ना? आता दार लावून घे आणि थोडा वेळ माझं ऐक. ऑफर लेटरमधला पगाराचा आकडा तुला पाठ झाला असेल. पण त्याच कागदावर कामाची वेळ काय लिहिली आहे, ते पाहिलंस का? मुंबईत ऑफिस साडेनऊचं आहे की अकराचं, यावरच तुझी झोप, जेवण, तब्येत सगळं ठरणार आहे. पगाराबद्दल सगळे बोलतात. या गोष्टी मोठ्या बहिणीलाच सांगाव्या लागतात.

डोंबिवलीला काकूंकडे राहायचं म्हणतेस. भाडं वाचेल, गरम पोळी मिळेल, आईचा जीव भांड्यात पडेल, सगळं खरं. पण डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणं म्हणजे काय, हे काकू नाही सांगणार. त्यांनी उभी नोकरी त्याच गाडीत काढली, त्यांना त्यात काही वेगळं वाटतच नाही. तुला वाटेल. पहिल्या दिवशी तर गाडी समोर येईल, डब्याचं दार माणसांनी भरलेलं दिसेल आणि तू फलाटावरच राहशील. राहा, खुशाल राहा. पुढची गाडी येते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचा जीव गेला. तोच तुझा रोजचा मार्ग आहे. मस्टरवर लाल शेरा पडला तर पडू दे, पण दारात लटकायचं नाही. हे एवढं मी दटावून सांगते.

महिलांच्या डब्याचे आपले कायदे आहेत, ते कुठे छापलेले नाहीत. आत शिरलीस की बसलेल्या बाईला विचारायचं, ‘कुठे उतरणार?’ ती ‘घाटकोपर’ म्हणाली आणि आधी कुणी सांगून ठेवलं नसेल, तर ती जागा तुझी. मध्येच दुसरी कुणी टेकायला लागली तर लाजू नकोस, ‘मी सांगितलंय’ म्हण. कुर्ल्याला उतरायचं तर घाटकोपर यायच्या आधीच उठून दाराकडे सरकायला लागायचं आणि पुढच्या प्रत्येकीला विचारायचं, ‘कुर्ला का?’ ‘नाही’ म्हणाली की तिच्या पुढे जायचं. सॅक पोटाशी, ओढणी खोचलेली, केस वर बांधलेले. काही जणी उलट्या कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. तू तसं करणार असशील तर पासही कल्याणपासूनचाच काढ. डोंबिवलीच्या पासवर टीसीने धरलं, तर ‘मी डोंबिवलीचीच’ हे तो ऐकून घेत नाही. पासाबरोबर ओळखपत्रही जवळ हवंच.

तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट पडतो, म्हणजे थोडे पैसे वाचतात. तरी सुरुवातीला एकाच महिन्याचा काढ. घर बदलशील, मार्ग बदलशील, कुणास ठाऊक नोकरीही बदलशील. फर्स्ट क्लासच्या पासाला पैसे कितीतरी जास्त मोजायचे आणि पीक अवरला त्यातही उभंच राहायचं, म्हणून मला तो कधी पटला नाही. एसी लोकलचं मात्र तसं नाही. २०२२ च्या मे महिन्यात तिची तिकिटं जवळजवळ निम्म्यावर आणली, तेव्हापासून ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. दारं बंद होतात, हाच तिचा मोठा गुण. तुझ्या वेळेची एसी लोकल असेल तर पैशाकडे बघू नकोस.

कुर्ल्याहून पुढे बीकेसीला शेअर रिक्षा नाहीतर बेस्ट. बेस्टचं किमान तिकीट मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालं, तरी रोज एकटीने मीटरची रिक्षा करण्यापेक्षा कितीतरी बरं. रिक्षाचं मीटरच २६ रुपयांपासून सुरू होतं. पावसाळ्यात त्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहशील तेव्हा मी काय म्हणते ते कळेल. आणखी एक वाट आहे, जरा लांबची पण थंडगार. घाटकोपरला उतरायचं, मेट्रो एकने मरोळ नाका गाठायचं आणि तिथे मेट्रो तीनमध्ये बसून थेट बीकेसी. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. सगळे तिचं कौतुक कफ परेडसाठी करतात, मी तुझ्यासाठी करते. म्हणूनच सांगते, विद्यानगरी, सांताक्रूझ, मरोळ या बाजूला पीजी बघ. खोली काडेपेटीएवढी मिळेल, तिघींत एक कपाट असेल. तरी पहिले सहा महिने तिथे काढ. काकूंकडे शनिवार-रविवारी जा, त्यांनाही तू जास्त आवडशील.

आता मुद्द्याचं. तुझ्या पगाराच्या तपशिलात ‘कन्व्हेयन्स’ किंवा ‘ट्रान्सपोर्ट अलाउन्स’ अशी एक ओळ असेल. ती बघून हुरळून जाऊ नकोस. पूर्वी महिन्याला १,६०० रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त असे. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत गेली आणि तिच्या जागी सरसकट स्टँडर्ड डिडक्शन आलं. नव्या करप्रणालीत ते ७५,००० रुपये आहे आणि प्रत्येक नोकरदाराला आपोआप मिळतं, भत्ता असो वा नसो. (दिव्यांग कर्मचाऱ्यांची सवलत वेगळी आहे.) म्हणजे घर ते ऑफिस जाण्यायेण्याचा तुझा भत्ता हा पगाराचाच तुकडा, फक्त नाव वेगळं. त्यावर कर लागतोच.

कंपनीने घर ते ऑफिस ने-आण करायला गाडी दिली, तर ती मात्र तुझ्या करपात्र उत्पन्नात धरत नाहीत. म्हणून एचआरने विचारलं, ‘भत्ता हवा की बस?’ तर आधी बसचा मार्ग माग. तुझ्या बाजूची असेल तर डोळे झाकून बस घे. फक्त दोन गोष्टी विचारून घे. पिकअप घराजवळ आहे की हायवेवर? आणि संध्याकाळी ती ठरलेल्या वेळेला सुटते का? साहेबांनी पावणेसहाला मीटिंग लावली आणि बस सहाला गेली, तर त्या बसचा तुला काय उपयोग! काही कंपन्या नुसती स्टेशनपर्यंत शटल ठेवतात. कुर्ल्याहून किंवा वांद्र्याहून तशी असेल तर तीही सोडू नकोस, रिक्षाची रांग तरी टळते.

पण भत्ता आणि बस यांच्याही आधी वेळ मागायची. नव्या मुली इथेच कच खातात. ‘मी थोडी उशिरा आले तर चालेल का?’ असं अपराध्यासारखं विचारायचं नाही. सरळ विचार, ‘आपल्याकडे फ्लेक्सी टायमिंग आहे का? कोअर अवर्स कोणते? घरून काम करायचे दिवस किती?’ सात ते तीन किंवा अकरा ते सात, यातलं काहीही मिळालं तरी सकाळची मुख्य गर्दी चुकते. कुणी नाक मुरडलं तर सांग, खुद्द मध्य रेल्वेनेच गर्दी फुटावी म्हणून मुंबईतल्या कार्यालयांना वेळा बदलण्याची विनंती केली आहे. तू काही जगावेगळं मागत नाहीस. तोंडी ‘हो हो, बघू’ म्हणाले की त्याच संध्याकाळी गोड शब्दांत एक मेल टाक, ‘आजच्या बोलण्याप्रमाणे...’ म्हणून. तोंडचा शब्द मॅनेजर बदलला की बदलतो.

रात्रीची पाळी लावली तर हे घोकून ठेव. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं, तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची व्यवस्था मालकाला करावी लागते. दारापर्यंत हं! ‘कुर्ला स्टेशनला सोडतो, पुढे लोकल आहेच’ हे चालणार नाही. कॅबमधून शेवटी उतरणारी तूच असशील तर सोबत सुरक्षारक्षक असतो का, तेही विचार. असे प्रश्न विचारल्याने नोकरी जात नाही. आणि ज्या कंपनीत जाते, तिथे न गेलेलंच बरं.

पीजीत तुझ्या खोलीत एखादी मैत्रीण राहायला आली आणि तिचा पगार २१,००० च्या आत असला, तर? मग तिचा ईएसआय, म्हणजे कर्मचारी विमा, कापला जातो का, बघायला सांग. त्या विम्यात कामावर जाता-येता अपघात झाला आणि त्याचा नोकरीशी संबंध दिसला, तर तो कामावरचाच अपघात धरला जातो. हे कित्येकींना माहीतच नसतं.

गावी येण्याची काळजी करू नकोस. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धंच तिकीट आहे, आईला भेटायला दर महिन्याला ये.

जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात एक दिवस रंगीत तालीम कर. रविवारी नाही, भर मंगळवारी, ऑफिसच्याच वेळेला. घरातून निघून ऑफिसच्या गेटपर्यंत जा आणि संध्याकाळच्या गर्दीतून परत ये. मग पीजी की काकू, हे ठरव आणि मला कळव. आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हा नंबर आत्ताच्या आत्ता मोबाइलमध्ये घाल. गाडीत काही झालं तर आधी तिथे फोन करायचा, मला नंतर.