चाल मंदावली, विसरही पडतोय

प्रश्न : आई ७४ वर्षांची. १९९३च्या भूकंपानंतर वसलेल्या नव्या किल्लारीत राहते. हल्ली नावं विसरते, चालही मंदावलीय. दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. अंगणात ४ मीटरवर दोन खुणा करा, आईंना नेहमीच्या चालीनं चालू द्या. ५ सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंद समजा. मग चालता चालताच आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. शेजारी कुणीतरी हवंच. ‘शुक्रवार, गुरुवार...’ आठवताना पाय थबकले, तर मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. चालण्यालाही मेंदूचं लक्ष लागतं. एवढ्यावरून स्मृतिभ्रंश मात्र ठरत नाही. गुडघे, नजर, बी-१२ची कमतरता, झोपेच्या गोळ्या, काहीही कारण असेल. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या.