बॅग मारली की दम वाढतो का?

चि. भाचीस,


तू पाठवलेला व्हिडिओ तीनदा पाहिला. गच्चीवरच्या खोलीत हुकाला टांगलेली लाल बॅग, हातात नवेकोरे ग्लोव्ह्ज, कपाळावरून निथळणारा घाम. चित्रण कमरेच्या वरचंच आहे, पण ठोशांचा आवाज दणदणीत येतो. खाली तुझे दोन प्रश्न : हा व्यायाम कार्डिओत धरायचा ना? आणि धरायचा असेल तर सकाळचं धावणं बंद केलं तर चालेल ना? पहिल्याचं उत्तर ‘हो, पण अटींवर’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’. एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण जिममधल्या ट्रेनरपासून मैत्रिणींपर्यंत प्रत्येकाने तुला वेगळंच काही सांगितलंय, म्हणून कारणांसकट लिहायला बसले.

अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ मध्ये आलं आणि हृदय-फुफ्फुसांसाठी वेगळा व्यायाम करायचा असतो ही गोष्ट घरोघरी पोचली. आपल्याकडे त्या गुणाला आधीपासून शब्द होता, दमसास. गायकाला तो लागतो, शाहिराला लागतो, तालमीतल्या पैलवानाला तर लागतोच. मांड्या, कंबर, पाठ असे मोठे स्नायू काही मिनिटं न थांबता राबतात, प्राणवायू मागत राहतात आणि तो पुरवताना हृदय-फुफ्फुसांचा कस लागतो, असा व्यायाम म्हणजे कार्डिओ. महिनोन्‌महिने असं घडलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं आणि स्वस्थ बसलेलं असतानाची नाडी संथ होते. सायकल, तलाव, जिना, बॅग ही सगळी साधनं. साधनावर ‘कार्डिओ’ असा शिक्का नसतो.

म्हणूनच बॅगेबद्दलचे आकडे पहिल्यांदा पाहणारा माणूस गोंधळतो. कोणत्या हालचालीला किती शक्ती लागते याचा एक मोठा संग्रह बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. त्यात मोजमाप ‘मेट’मध्ये असतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट. संग्रहाच्या २०११ च्या आवृत्तीत पंचिंग बॅगला ५.५ मेट दिले आहेत, स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाला, ७.८ आणि रिंगणातल्या प्रत्यक्ष लढतीला १२.८. तासाला साधारण पावणेदहा किलोमीटर वेगाने धावणं ९.८ मध्ये बसतं. ३ ते ६ मेटपर्यंतचा व्यायाम मध्यम आणि ६ च्या पुढचा जोमदार मानतात. त्या हिशेबाने बॅग मध्यममध्येच राहते.

पण न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या लेन क्रॅविट्झ यांच्या गटाचा २००३ चा अभ्यास वेगळं दाखवतो. सराव असलेल्या १८ तरुण-तरुणींना त्यांनी तालावर ठोसे मारायला लावले. मिनिटाला ६० पासून १२० पर्यंत वेगवेगळे ताल दिले. या मंडळींच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १६७ ते १८२ पर्यंत गेले, म्हणजे त्यांच्या कमाल क्षमतेच्या ८५ ते ९३ टक्के. प्राणवायूचा वापर मेटमध्ये मांडला तर साडेसात ते साडेआठच्या घरात येतो, म्हणजे सरळसरळ जोमदार व्यायाम. बॅग तीच आणि ठोसेही तेच. मग एकीकडे साडेपाच आणि दुसरीकडे साडेआठ कसे? कारण बॅगेसमोर उभा असलेला माणूस किती वेळ मारतो, किती वेळ नुसता उभा राहतो आणि अंगाचा किती भाग कामाला लावतो, यावर सगळं ठरतं. चाळीस सेकंद धडाधड ठोसे, मग दोन मिनिटं मोबाइल, मग पुन्हा चाळीस सेकंद, असं चाललं तर संग्रहातला साडेपाचचा आकडाही हाती लागणार नाही.

याच अभ्यासातली आणखी एक बाब तुझ्या फार कामाची आहे. ठोशांचा ताल दुप्पट झाला, ६० चा १२० झाला, तरी प्राणवायूचा वापर फक्त अकरा टक्क्यांच्या आसपास वाढला. हात जोरजोरात चालवल्याने कष्ट त्याच पटीत वाढत नाहीत. वेग वाढवताना ठोसा आखूड होतो, अंग मागे राहतं आणि नुसते पंजे बॅगेवर थापटले जातात. त्यामुळे ‘मिनिटाला किती ठोसे’ ही तू लावून घेतलेली शर्यत सोडून द्यावीस असं मला मनापासून वाटतं.

मोजायचंच असेल तर पाय मोज.

ठोसा हातातून निघतो असं पाहणाऱ्याला वाटतं, पण तो निघतो मागच्या पायाच्या टाचेतून. टाच वळते, कंबर फिरते, खांदा पुढे येतो आणि सगळ्यात शेवटी मूठ. सोव्हिएत संघातल्या फिलिमोनोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ठोशाच्या जोराची फोड करून दाखवली होती. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के होता आणि हाताचा २४. खालच्या श्रेणीतल्या मुष्टियोद्ध्यांत नेमकं उलट, हाताचा वाटा ३८ टक्क्यांजवळ आणि पायांचा जेमतेम साडेसोळा. हे आकडे तंत्राबद्दलचे आहेत, पण दमसासाचा प्रश्नही त्यांच्यातच सुटतो. प्राणवायूची खरी मागणी मांड्या आणि नितंब करतात, कारण शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू तिथे आहेत. पाय रोवून नुसते हात चालवले की दंड भरून येतात, खांदे जळतात आणि हृदयाला पुरतं काम मिळण्याआधीच माणूस थांबतो.

ही समज नवी नाही. इसवीसनाच्या तिसऱ्या शतकातला ग्रीक लेखक फिलोस्ट्रॅटस याने व्यायामावर लिहिताना टांगलेल्या थैलीचा उल्लेख केला आहे. तिला कोरिकोस म्हणत. बॉक्सरसाठी ती हलकी असावी, कारण तिथे फक्त हात घडवायचे असतात. कुस्ती आणि ठोसे एकत्र असलेल्या पँक्रेशनच्या मल्लासाठी मात्र ती जड आणि मोठी असावी, म्हणजे झोके घेत अंगावर येणाऱ्या थैलीपुढे पाय स्थिर राखायची सवय होईल. सतराअठराशे वर्षांपूर्वी एका माणसाने हात आणि पाय यांचा हिशेब असा वेगळा मांडून ठेवला होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता तुझ्या मनगटी घड्याळाबद्दल. ते १७० दाखवतं म्हणून तू खूश आहेस. दोन कारणांनी त्या आकड्यावर फार विसंबू नकोस. एक तर ग्लोव्ह्जखाली दबलेलं, दर सेकंदाला हादरे खाणारं घड्याळ नाडी नीट वाचू शकत नाही. राउंड संपताच गळ्याशी बोटं ठेवून पंधरा सेकंद मोज आणि चारने गुण, ते जास्त खरं. दुसरं कारण शरीराचं आहे. सारखाच प्राणवायू खर्च होत असला तरी हातांच्या कामात हृदयाचे ठोके पायांच्या कामापेक्षा जास्त पडतात आणि रक्तदाबही जास्त चढतो. क्रॅविट्झ यांच्या अभ्यासात ठोके कमाल क्षमतेच्या ८५ ते ९३ टक्के होते, पण प्राणवायूचा वापर ६८ ते ७३ टक्क्यांच्या दरम्यानच राहिला. म्हणजे बॅगेवरचे १७० आणि धावतानाचे १७० यांचा अर्थ एक नाही. बोलून पाहण्याची साधी परीक्षा इथे बरी पडते. वाक्य पूर्ण बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो व्यायाम मध्यम. दोनचार शब्दांतच श्वास घ्यावा लागतो, तो जोमदार.

अटी पाळल्या तर बॅग किती देते, याचंही एक उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात बिरिंदर चीमा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पोटाचा घेर वाढलेल्या प्रौढांवर छोटा प्रयोग केला. काहींना बॉक्सिंगचा व्यायाम आणि काहींना भरभर चालणं, आठवड्याला चार दिवस, रोज ५० मिनिटं, असं बारा आठवडे. बॉक्सिंगवाल्यांची चरबी घटली, वरचा रक्तदाब उतरला आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली. चालणाऱ्यांत तेवढा फरक दिसला नाही. माणसं अवघी बारा होती, तेव्हा यावरून मोठे निष्कर्ष काढायचे नाहीत. पण कसा व्यायाम दिला होता ते लक्षात घे. दोन मिनिटं काम, एक मिनिट विसावा, पुन्हा दोन मिनिटं काम. घड्याळ लावून.

राउंडची ही शिस्त बॉक्सिंगच्या अंगातच आहे. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांचा राउंड आणि मध्ये एक मिनिट विश्रांती असं ठरवून दिलं. या खेळाला लागणारी शक्ती येते कुठून, हे डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दोन मिनिटांच्या तीन राउंडवर तपासलं, तेव्हा तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा प्राणवायूच्या जोरावर मिळणाऱ्या शक्तीचा निघाला. एवढ्या स्फोटक खेळाचा पाया दमसासच आहे.

आणि म्हणून धावणं सोडायचं नाही. तुझ्याच नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्से इथे युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं तेव्हा आपण सगळ्यांनी बातम्या लावल्या होत्या, आठवतं? त्या उंचीवर खेळणाऱ्यांच्या तयारीत बॅग हा एक तुकडा असतो. पहाटेचं धावणं, ज्याला ते लोक ‘रोडवर्क’ म्हणतात, दोरीच्या उड्या, शॅडो बॉक्सिंग हे सगळं त्याच्या आजूबाजूला असतं. बॅगेवर दम खेचून काढला जातो. सावकाश, लांब पल्ल्याच्या धावण्यात तो साठवला जातो. पाऊण तास एकसारखं, बोलता येईल अशा गतीने बॅग मारणं कुणाच्याही खांद्यांना झेपत नाही. पायांना मात्र तेवढं धावणं झेपतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार व्यायाम सांगितला आहे, आणि दोन्हींची सरमिसळही चालते. तुझ्यासाठी मी असं धरते : आठवड्यातून दोन दिवस बॅग, तीन दिवस धावणं किंवा भरभर चालणं. बॅगेच्या दिवशी आधी पाचसात मिनिटं दोरी. मग दोन मिनिटांचे सहा राउंड, मध्ये एकेक मिनिट विसावा. त्या विसाव्यात बसायचं नाही, चालत राहायचं. राउंडमध्ये ठोसे थांबले तरी पाय थांबू द्यायचे नाहीत. बॅगेभोवती फिरायचं, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून मागे सरायचं, क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा, मारून बाजूला व्हायचं. प्रत्येक ठोशाबरोबर तोंडाने ‘फुस्’ करून श्वास सोडायचा. सहा राउंड सहज होऊ लागले की आठ कर, मग राउंड तीन मिनिटांचा कर. उष्मांकाचाच हिशेब हवा असेल तर साठ किलोच्या माणसाला साडेपाच मेटने अर्ध्या तासात १६५ उष्मांक लागतात, साडेआठने २५५.

हातांची हेळसांड करू नकोस. व्हिडिओत ग्लोव्ह्जच्या आत पट्ट्या दिसल्या नाहीत. मनगट आणि बोटांच्या सांध्यांभोवती पट्टी गुंडाळल्याशिवाय एकही ठोसा मारायचा नाही. ठोसा पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांवर बसला पाहिजे. तो करंगळीच्या बाजूला बसला की तिच्या मागचं तळहातातलं हाड मोडतं. ही दुखापत इतकी सर्रास होते की डॉक्टरांच्या भाषेत तिला बॉक्सरच्याच नावाने ओळखतात. मनगट सरळ, ग्लोव्ह्ज १२ ते १६ औंसांचे. आणि तो हुक स्लॅबमध्ये पक्का बसलाय का, ते मिस्त्रीला बोलावून एकदा पाहून घे.

ताईला, म्हणजे तुझ्या आईलाही, बॅग मारायची हौस आलीय असं कळलं. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. हातांच्या जोरकस कामात आणि नकळत श्वास रोखला गेल्यावर दाब झपकन चढतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याखेरीज तिने ग्लोव्ह्ज घालायचे नाहीत. तोवर तिला रोज संध्याकाळी तुझ्याबरोबर चालायला ने. हे तू मनावर घेशीलच, पण तरी दोनदा सांगते, कारण तुझ्या आईचा उत्साह मी लहानपणापासून ओळखते.

महिनाभर असं करून बघ आणि मग पुन्हा व्हिडिओ पाठव. या वेळी मोबाइल जरा लांब ठेव. मला तुझे पाय बघायचे आहेत.

तुझी,
मावशी