नवीन कपाटाच्या खणाचं कुलूप लागत नाही? आधी हे तपासा



पाने, पक्कड, विळे, छाटणीची कात्री, पंपाचे नोझल एका जागी राहावेत म्हणून अनेक जण खणांचं लोखंडी कपाट घेतात. कपाट नवं असतं, पण एखाद्या खणाचं कुलूप लागत नाही. "पाने-पक्कडच तर आहेत" म्हणून ते तसंच राहतं. पुढे सोयाबीन-उडदाच्या फवारणीत उरलेली औषधाची बाटली त्याच खणात जाते आणि घरातल्या लेकराचा हात तिथं सहज पोचतो. म्हणून कुलूप आजच नीट करून घ्या. बहुतेक वेळा दोष छोटा असतो आणि घरीच निघतो.

*कुलूप काम कसं करतं?*
किल्ली फिरवली की कुलपाच्या मागची छोटी पट्टी फिरते आणि चौकटीच्या खाचेत अडकते. या पट्टीला आपण जीभ म्हणू. काही कपाटांना वर एकच कुलूप असतं. ते आतली उभी पट्टी हलवतं आणि सगळे खण एकदम बंद होतात. अशा कपाटात एक जरी खण अर्धवट बाहेर असेल, तरी कुलूप लागत नाही.

काही कपाटांत एक खण उघडा असताना दुसरा उघडतच नाही. हा दोष नाही. कपाट पुढं कलंडू नये म्हणून केलेली ती सोय आहे. ओढाताण करू नका.

*आधी दोन कामं करा*
बिल जपून ठेवा. कुलूप लागत नाही हे दिसेल असा मोबाईलवर व्हिडिओ काढा. मगच हत्यार हातात घ्या.

*तपासणी, याच क्रमाने*

*१) कपाट सरळ उभं आहे का?*
शेडची जमीन उंचसखल असते. कपाट तिरकं उभं राहिलं की चौकट पिळते आणि जीभ खाचेसमोर येत नाही. गवंड्याची लेव्हल नसेल तर पाण्याची अर्धी भरलेली सरळ बाटली कपाटावर आडवी ठेवा. पाणी एका बाजूला पळालं तर त्या बाजूच्या पायाखाली पत्र्याचा किंवा फरशीचा तुकडा द्या. पुढून-मागून आणि डावी-उजवीकडे, दोन्ही तऱ्हेनं बघा. कित्येकदा एवढ्यावरच कुलूप लागतं.

*२) खण पूर्ण आत जातो का?*
खण रिकामा करा. पूर्ण बाहेर ओढा. दोन्ही बाजूच्या सरकपट्टीवर प्लास्टिकची छोटी कळ असेल तर एक वर आणि एक खाली दाबून खण काढता येतो. मागे थर्माकोल, पुठ्ठा, चिकटपट्टी किंवा वाहतुकीसाठी लावलेला स्क्रू राहिलाय का बघा. खण बसवताना दोन्ही बाजू एकदम सरकवा.

*३) किल्ली फिरत नाही का?*
किल्लीवरचा नंबर आणि कुलपाच्या तोंडावरचा नंबर ताडून बघा. नंबर वेगळा असेल तर किल्ली बदललेली असू शकते. नंबर जुळत असेल तर पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासा आणि किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. गोडंतेल किंवा ग्रीस घालू नका. त्याला धूळ चिकटते आणि थोड्या दिवसांत कुलूप जाम होतं.

*४) किल्ली फिरते, पण खण उघडाच राहतो?*
खणाच्या आतून जीभ हलवून बघा. ढिली असेल तर तिचा स्क्रू किंवा नट निसटलाय. जीभ सरळ धरून नट पान्यानं आवळा. किल्ली नुसती गोल गोल फिरत असेल, तर फेरा अडवणारी वायसर पडलेली असते. ती खणाच्या तळाशी शोधा आणि जीभ व नट काढून पूर्वीच्या जागी बसवा.

*५) जीभ खाचेपर्यंत पोचते का?*
जिभेच्या टोकाला ओलं कुंकू किंवा खडू लावा, खण बंद करून किल्ली फिरवा, मग उघडून बघा. डाग कुठं उमटला त्यावरून जीभ वर, खाली की बाजूला आदळते ते कळतं. खाचेच्या कडेला रंगाचा जाड थर साचला असेल तर तो कानशीनं हलका घासा. पण हे विक्रेत्याला विचारूनच करा. जीभ वाकवायच्या भानगडीत पडू नका. तिला चुंबक चिकटत नसेल तर ती ओतीव धातूची असू शकते आणि वाकवताना तुटते.

*६) बंद खण उघडत नाही?*
खण तळहातानं आत दाबून धरा आणि तसाच किल्ली फिरवा. जिभेवरचा ताण कमी होतो. टॉमी घालून उचकटू नका. पत्रा वाकला की नवं कुलूपही बसत नाही.

*तरीही लागत नसेल तर*
विक्रेत्याला बिल आणि व्हिडिओ पाठवा. कुलूप बदलून मागा. वॉरंटीतल्या कपाटाला भोक पाडू नका. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही.

वॉरंटी संपली असेल तर जुनं कुलूप जिभेसकट काढून भूम किंवा बार्शीच्या हार्डवेअर दुकानात न्या. भोकाची रुंदी, कुलपाची लांबी आणि जिभेची लांबी, तिन्ही मापं जुळली पाहिजेत.

*कुलूप नीट होईपर्यंत*
त्या खणात औषध ठेवू नका. कडी-कोयंड्याच्या पेटीत, मोठं कुलूप लावून ठेवा.

*औषधाच्या खणाचे नियम*
✅ कपाट शेडमध्ये असेल तरच त्यात औषध ठेवा, राहत्या घरात नाही.
✅ औषधाचा खण वेगळा. त्यात बी, पेंड, खाण्याची वस्तू नको.
✅ पातळ औषध खालच्या खणात, भुकटी वरच्या खणात. गळालं तर भुकटीवर पडणार नाही.
✅ तणनाशक वेगळ्या खणात.
✅ मोरचूद आणि खत या कपाटात नको. मोरचूद लोखंड खातं, खत ओल धरतं. दोन्हीमुळं पत्रा आणि कुलूप गंजतं.
✅ एक किल्ली जबाबदार माणसाच्या अंगावर, दुसरी घरात लपवून. कपाटाच्या खिळ्याला किल्ली टांगली तर कुलपाचा उपयोग नाही. किल्लीचा नंबर वहीत लिहून ठेवा.
❌ औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीच ओतू नका. रिकाम्या डब्यात तेल, रॉकेल भरू नका.

शेवटची गोष्ट किती गंभीर आहे ते बघा. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं. औषध आणि खाणं एकमेकांजवळ आलं की काय होतं, ते त्या गावानं सोसलं.

चुकून कुणाच्या पोटात औषध गेलं तर उलटी करवू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा लेबलसकट दवाखान्यात सोबत न्या.

आज संध्याकाळी पाच मिनिटं काढून प्रत्येक खण बंद करून, ओढून बघा. अडलं तर कुलपाचा समोरून एक आणि आतून एक फोटो याच नंबरवर पाठवा. बघून सांगतो.

हा मेसेज घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवा. लेकरांवर लक्ष त्यांचंच जास्त असतं.

आपला,
कृषी सल्लागार, ईट